लिनक्सचे डिस्ट्रो आणि घटनेचा प्रश्न

अभ्यासिका, वाचनालये आणि वसतिगृहे चालविणारे आपले कार्यकर्ते अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारू लागले आहेत. आमच्याकडच्या संगणकांवर कोणते लिनक्स टाकावे? प्रश्नाला निमित्तही तसेच घडले आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबविला. विंडोज 11 साठी घातलेल्या अटी पुऱ्या करतील अशी यंत्रे आपल्या संस्थांकडे फार थोडी आहेत. आपल्याकडे येतात ते एखाद्या कचेरीने किंवा महाविद्यालयाने निकाली काढलेले संगणक. ते चालतात, त्यांच्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, स्पर्धा परीक्षेची पोरे त्यांच्यावर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवितात. आणि एके दिवशी सातासमुद्रापलीकडे ठरते की ही यंत्रे आता कालबाह्य झाली. तेव्हा लिनक्सकडे वळणे ओघानेच आले.

परंतु लिनक्स ही एकच एक वस्तू नाही. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिहिला तो केवळ गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. या गाभ्याभोवती रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने, पडद्यावर खिडक्या मांडणारी व्यवस्था, लेखनाचे आणि इंटरनेटचे कार्यक्रम अशी सारी मोट बांधून जो संच तयार होतो, त्याला डिस्ट्रो म्हणतात. असे संच शेकड्यांनी निघाले आणि त्यांतले बहुतेक बुडाले. निवड करताना मंडळी विचारतात, विंडोजसारखा कोणता दिसतो, हलका कोणता चालतो. हे प्रश्न गैर नाहीत. पण त्यांची उत्तरे एका दुपारी स्वतः करून पाहता येतात. हा डिस्ट्रो आणखी दहा वर्षे जगेल काय, आणि तो बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे मात्र करून पाहता येत नाही. त्यासाठी त्याचा इतिहास वाचावा लागतो. माझे म्हणणे असे की, तो इतिहास आपल्या चळवळीच्या माणसाला इतर कोणापेक्षा लवकर कळेल. संस्था कशा मोडतात हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

एसएलएस नावाचा एक डिस्ट्रो 1992 साली निघाला होता. तो सदोष होता. त्या वैतागातून 1993 साली दोन डिस्ट्रो जन्मले : जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचा स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांचा डेबियन. दोन्ही आजही हयात आहेत. स्लॅकवेअर मुख्यतः एका माणसाचा राहिला. तो माणूस सचोटीचा आहे, त्याच्या कामाबद्दल जाणकार आदरानेच बोलतात. पण 2016 च्या स्थिर आवृत्तीनंतर पुढची यायला 2022 चा फेब्रुवारी उजाडला. एका माणसाच्या खांद्यावर असलेल्या कामाची ही गती स्वाभाविक म्हटली पाहिजे.

डेबियनची हकीकत निराळी आहे. मर्डॉक तेव्हा विद्यार्थी होते. त्यांनी आपले आणि आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, नाव जोडून ‘डेबियन’ हे नाव केले. म्हणजे आरंभ अगदी व्यक्तिगत, घरगुती म्हणावा असा. 1996 साली मर्डॉक नेतेपदावरून बाजूला झाले. संस्थापक गेला की संस्थेचे काय होते, हा आपल्या अनुभवाचा विषय आहे. डेबियनच्या मंडळींनी त्यानंतरच्या अडीच-तीन वर्षांत तीन कामे केली. 1997 साली त्यांनी एक सामाजिक करार मंजूर केला. आम्ही वापरणाऱ्यांना काय देणे लागतो आणि कोणते सॉफ्टवेअर मुक्त मानतो, हे त्यात लिहून ठेवले. त्याच साली न्यूयॉर्क राज्यात एक ना-नफा संस्था नोंदविली गेली आणि डेबियनची मालमत्ता तिच्याकडे विश्वस्त म्हणून आली. आणि 1998 च्या डिसेंबरात त्यांनी आपली घटना स्वीकारली. घटना हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेला नाही. त्या दस्तऐवजाचे नावच ते आहे.

ती घटना वाचण्याजोगी आहे. प्रकल्पाचा नेता एका वर्षासाठी निवडला जातो. मतदार म्हणजे डेबियनचे सदस्य-विकासक, सुमारे हजारभर माणसे, जगभर विखुरलेली. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि मोजणीत प्रत्येक उमेदवार दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीजोडीने ताडून पाहिला जातो. मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो. आपल्याकडे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने नोटा आला, पण त्याला दात नाहीत. डेबियनमध्ये तो पर्याय जिंकला तर निवडणूक नव्याने घ्यावी लागते. नेत्याचा वा त्याने नेमलेल्या माणसाचा निर्णय सदस्य सर्वसाधारण ठरावाने फिरवू शकतात, नेत्याला परतही बोलावू शकतात. घटना बदलायची तर तीनास एक असे बहुमत लागते. पैसा आणि नाव यांपैकी काहीही नेत्याच्या खासगी खात्यावर नसते. मर्डॉक 2015 च्या डिसेंबरात वारले. डेबियनने त्यांना आदरांजली वाहिली, आणि 2017, 2019, 2021, 2023, 2025 या साली, दर दोन वर्षांनी, आपली नवी स्थिर आवृत्ती काढली.

हे वाचताना मला संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 चे बाबासाहेबांचे भाषण आठवल्याशिवाय राहिले नाही. त्या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन बजावले होते की, माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी नेऊन ठेवू नये. राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी हेही दाखवून दिले होते की, प्रस्ताव, गणपूर्ती, गुप्त मतदान या पद्धती बौद्ध भिक्षुसंघाला ठाऊक होत्या. बुद्धाने आपल्यामागे कोणी वारस नेमला नाही, धम्म आणि विनय मागे ठेवले, हे आपण सारे जाणतो. डेबियनला भिक्षुसंघ ठरविण्याचा माझा इरादा नाही, तुलना इतकी ताणू नये. मुद्दा एवढाच की, व्यक्तीऐवजी नियमाला प्रमाण मानण्याची ही परंपरा आपल्याला परकी नाही. उलट संगणकाच्या जगात एक पदवी कौतुकाने मिरविली जाते, ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी तर ती स्वतःलाच, ‘स्वयंनियुक्त’ हे विशेषण पुढे जोडून, लावून घेतली. विनोदाने लावली हे खरे. परंतु कारभारही पुष्कळसा त्या विनोदाप्रमाणेच चालला.

उबुंटूकडे येण्यापूर्वी कंपन्यांचे डिस्ट्रो पाहू. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आपला रेड हॅट लिनक्स सर्वांना देत असे. 2003 साली तिने तो बंद करण्याचे ठरविले आणि 2004 च्या एप्रिलमध्ये शेवटच्या आवृत्तीचा आधार संपला. घरच्या संगणकवाल्यांसाठी फेडोरा पुढे केला गेला, तो आजही उत्तम चालतो. मात्र त्याच्या प्रत्येक आवृत्तीचे आयुष्य जेमतेम तेरा महिन्यांचे. ज्या अभ्यासिकेत संगणक जाणणारा माणूस आठवड्यातून एकदा येतो, तेथे हे परवडत नाही.

रेड हॅटच्या महागड्या आवृत्तीचा सोर्स कोड खुला असल्याने त्यावरून काही लोकांनी 2004 पासून सेंटओएस हा मोफत जुळा डिस्ट्रो चालविला. तो सर्व्हरवर जास्त वापरला जाई, पण त्याची कथा येथे सांगितलीच पाहिजे. 2009 च्या जुलैत काम करणाऱ्यांना आपल्याच एका संस्थापकाला उद्देशून जाहीर पत्र लिहावे लागले. कारण डोमेनची नोंदणी आणि देणग्यांचे खाते त्याच्या हाती, आणि तो पत्राला उत्तर देईनासा झाला. आपल्याकडच्या किती तरी संस्थांची कागदपत्रे आणि चेकबुक अशीच एखाद्याच्या कपाटात अडकलेली आहेत! तो तंटा मिटला. 2014 साली रेड हॅटने सेंटओएस आपल्या पंखाखाली घेतला, आता आधार पक्का झाला असे लोक म्हणाले. 2019 साली आयबीएमने 34 अब्ज डॉलरना रेड हॅटच विकत घेतली. आणि 8 डिसेंबर 2020 रोजी जाहीर झाले की, 2029 पर्यंत चालेल म्हणून ज्याच्यावर लोक विसंबले होते तो सेंटओएस 8 हा 2021 च्या अखेरीसच संपेल. सोर्स कोड खुला होता, परवाना निर्दोष होता, तरी हे घडले.

मँड्रेक या फ्रेंच डिस्ट्रोची गत याहून केविलवाणी झाली. 1998 साली गाएल दुव्हाल यांनी तो काढला. नवशिक्याला सोपा म्हणून त्याचा बोलबाला होता. कंपनी 2003 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली, सावरली, ब्राझीलची एक कंपनी घेऊन 2005 साली मँड्रिव्हा झाली. आणि 2006 साली तिने खर्चकपातीत खुद्द दुव्हाल यांनाच कामावरून काढले. 2015 साली कंपनी विसर्जित झाली. याउलट जर्मनीचा सुझे 2003 नंतर नॉव्हेल, अटॅचमेट, मायक्रो फोकस आणि इक्यूटी अशा चार धन्यांच्या हातांतून गेला, तरी टिकला. म्हणजे कंपनीचा डिस्ट्रो मरतोच असे नाही. तो जगतो की मरतो हे ठरविताना वापरणाऱ्याला कोणी विचारीत नाही, एवढेच.

आता उबुंटू. शटलवर्थ यांनी 1999 साली आपली कंपनी सुमारे 57 कोटी 50 लाख डॉलरना विकली होती. त्या पैशाच्या बळावर 2004 च्या ऑक्टोबरात उबुंटूची पहिली आवृत्ती आली. पाया डेबियनचाच. त्या वर्षांत मागणी नोंदविली की उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरपोच येत. भारतातल्या लहान गावांपर्यंत लिनक्स पोहोचला तो त्या पाकिटांतून. ते श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. 2011 साली ती योजना बंद झाली. आपण दान आणि हक्क यांतला फरक शिकलेले लोक आहोत. सीडी हे दान होते, ते देणाऱ्याच्या सोयीने थांबले. ग्नू परवान्याने दिलेला वापरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार हा हक्क, तो कोणी थांबवू शकला नाही. पुढे 2012 साली उबुंटूच्या संगणकात काही शोधले की ॲमेझॉनची दुकानदारी दिसू लागली. ओरड झाली, काही वर्षांनी ती वस्तू आपोआप चालू राहणे थांबले. युनिटी नावाचा पडदा 2010 च्या सुमारास वरून आला आणि 2017 च्या एप्रिलमध्ये वरूनच गेला. उबुंटू वाईट आहे असे माझे मत नाही. दर दोन वर्षांनी निघणाऱ्या त्याच्या दीर्घ आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो आणि तो वेळेवर मिळतो. पण घर दुसऱ्याचे आहे याची जाणीव ठेवूनच त्यात राहावे.

येथे कोणी म्हणेल, डेबियनमध्ये भांडणे झाली नाहीत काय? फार झाली. संगणक सुरू होताना सारी कामे कोणत्या कार्यक्रमाने जागी करावी, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नावर 2014 साली मोठा कलह माजला. आठ जणांच्या तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार मते पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी हा नवा कार्यक्रम ठरला. नोव्हेंबरात प्रकरण सर्व सदस्यांपुढे गेले. तेथे जिंकला तो पर्याय असा की, या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही! काहींनी पदे सोडली. काही जण बाहेर पडले आणि त्यांनी डेव्हुआन नावाचा निराळा डिस्ट्रो काढला; त्याची पहिली आवृत्ती 2017 साली आली.

फाटाफूट म्हटली की आपल्या मनात काय उभे राहते ते सांगायला नको. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त झाला. 1972 चा दलित पँथर 1974 साली फुटला. त्या फुटीत जे विभागले गेले ते माणसांपुरते नव्हते. नाव, चिन्ह, वस्त्यांमधील शाखा आणि लोकांचा विश्वास यांचेही तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकडा मूळ वस्तूहून लहान राहिला. लिनक्समधील फुटीला एक फार मोठा दिलासा आहे. येथे बाहेर पडणारा सारी इस्टेट बरोबर नेतो आणि मागे राहणाऱ्याचीही सारी इस्टेट शाबूत राहते. डेव्हुआनवाल्यांनी डेबियनचा सोर्स कोड नेला म्हणून डेबियनचा एक शब्द कमी झाला नाही. मँड्रिव्हा बुडू लागला तेव्हा 2010 साली त्यातल्या लोकांनी मॅजिया काढला. सेंटओएस बंद होताच 2021 च्या पहिल्या सहामाहीत अल्मा आणि रॉकी हे दोन डिस्ट्रो उभे राहिले. नाव तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहते, पक्षाच्या चिन्हासारखे.

तरी या दिलाशाने हुरळून जाऊ नये. सोर्स कोडची नक्कल होते, माणसाची होत नाही. सुरक्षेची डागडुजी रात्री जागून करणारी माणसे मोजकीच असतात. फुटीनंतर ती वाटली जातात आणि दोन्हीकडे कमी पडतात. पुष्कळसे लहान डिस्ट्रो असे माणसांअभावीच गेले. सोलसचे संस्थापक 2018 साली निघून गेले. सहकाऱ्यांनी तो नेटाने चालविला, पण 2023 च्या आरंभी त्याचे सर्व्हर कित्येक आठवडे बंद होते. म्हणून आज निघालेला, एकाच उत्साही तरुणाचा देखणा डिस्ट्रो संस्थेच्या संगणकावर टाकू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. स्वतःच्या संगणकावर खुशाल टाकावा.

या बाबतीत लिनक्स मिंटचे शहाणपण मला आवडते. 2006 पासून चालणारा हा डिस्ट्रो उबुंटूच्या पायावर उभा आहे. पण उद्या उबुंटू नाहीसा झाला तर आपले काय, हा प्रश्न त्याच्या मंडळींनी स्वतःला विचारला आणि सरळ डेबियनवर उभी राहणारी दुसरी आवृत्तीही चालू ठेवली.

आता आपल्या घरचे. मी ज्या अभ्यासिकेच्या कामात आहे तेथे अकरा संगणक आहेत. त्यांतल्या नऊंवर आम्ही डेबियन टाकला, एक्सएफसीई या हलक्या पडद्यासह. पोरांना दोन दिवस चुकल्यासारखे वाटले, मग सवय झाली. त्यांनी पुढे नोकरीच्या ठिकाणी विंडोज पाहायचे आहे, तेव्हा तेही त्यांना परके राहू नये याची काळजी आम्ही घेतो. आपल्या तत्त्वनिष्ठेची किंमत परीक्षेला बसणाऱ्या पोराने द्यावी हे मला मान्य नाही.

खरी अडचण मराठीची आहे. डेबियनच्या घटनेत एक कलम आहे : या घटनेने कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. ते स्वयंसेवकांचे संघटन असल्याने कलम रास्तच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की मराठीचे काम करण्यास कोणीही बांधलेला नाही. युनिकोडचे मराठी आज सर्वत्र लिहिता-वाचता येते. रेड हॅटने मुक्त केलेले लोहित फॉण्ट सर्वांच्या कामी आले, आणि भारतीय भाषांचे बरेच काम त्या कंपनीच्या पुण्यातील कचेरीतून झाले. पण पडद्यावरच्या सूचनांचा अनुवाद ही एकदाच करून संपणारी गोष्ट नाही. दर आवृत्तीत नव्या ओळी येतात. ज्यांचा अनुवाद झालेला नाही त्या इंग्रजीत दिसतात, आणि लक्ष न देता चार वर्षे गेली की पडदा हळूहळू पुन्हा इंग्रजी होतो. जे शब्द आधी होतात तेही कोणत्या मराठीत, हा प्रश्न आहेच. संस्कृतातून घडविलेला जड शब्द आमच्या वस्तीतल्या मुलीला इंग्रजीहून अधिक परका वाटतो. आणि ज्यांनी तो घडविला त्यांना दोष देऊन तरी काय होणार? त्या कामाला आपण कोणी गेलोच नव्हतो.

युनिकोडपूर्वीचे एक ओझेही आपल्या पाठीवर आहे. 1990 नंतरचे आपल्या चळवळीचे कितीतरी अंक, स्मरणिका आणि पुस्तके निरनिराळ्या खासगी फॉण्टांत जुळविली गेली. प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. तो फॉण्ट नसेल तर फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरांची रांग तेवढी दिसते. ज्यांच्याकडे अशा फाइली असतील त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये आणून घ्याव्यात. हे काम डिस्ट्रोच्या निवडीहून निकडीचे आहे.

शिक्षकमित्रांनी केरळकडे पाहावे. तेथे आयटी ॲट स्कूल हा सरकारी प्रकल्प 2001 च्या सुमारास सुरू झाला आणि त्या दशकातच सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या. आधी डेबियनवर, नंतर उबुंटूवर त्यांनी आपला स्वतःचा संच बांधला. 2017 साली प्रकल्पाचे काइट या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि काम आजही चालू आहे. पाया बदलला तरी वर्ग थांबले नाहीत. कारण शिकविणारे प्रशिक्षक शाळांतल्याच शिक्षकांतून घडविले होते आणि पाठ्यपुस्तक त्याच सॉफ्टवेअरला धरून लिहिले होते. म्युनिक शहरात उलटे झाले. 2003 साली ठराव झाला, 2013 पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर आले, नगराध्यक्ष बदलले आणि 2017 साली महापालिकेने परत विंडोजकडे जाण्याचे ठरविले. डिस्ट्रो तेथेही आधी डेबियनवरचा, मग उबुंटूवरचाच होता.

डेबियनच्या 2020 च्या निवडणुकीत नेतेपदासाठी केरळच्या श्रुती चंद्रन उभ्या होत्या. त्या मूळच्या ग्रंथपाल. त्या वेळी त्या निवडून आल्या नाहीत, पण 2023 साली डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली. मराठी मुलामुलींनी तेथवर जायचे तर वाट सोपी नाही. सदस्यत्वासाठी आधी काम दाखवावे लागते, ओळख पटवून घ्यावी लागते, सारा व्यवहार इंग्रजीत चालतो. समानता कागदावर पुरी आहे. पण संगणक, वीज आणि मोकळा वेळ ज्याच्याकडे आधीपासून आहेत तो पुढे जातो. अनुवादाच्या कामाला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या दोघींनी गेल्या पावसाळ्यात एक्सएफसीईच्या ओळी घेऊन बसायला सुरुवात केली. ‘सेटिंग’ला काय म्हणायचे यावर त्यांचा एक अख्खा रविवार गेला. शेवटी ‘सेटिंग’च ठेवले.

उरले दोन संगणक. ते इतके जुने आहेत की फक्त 32-बिट चालतात. उबुंटूने अशा यंत्रांचा संच 2017 सालीच थांबविला, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन 13 नेही त्यांच्यासाठी कर्नल आणि स्थापनेचा संच देणे बंद केले. म्हणून त्यांच्यावर डेबियन 12 ठेवला आहे. त्या आवृत्तीचा दीर्घकालीन आधार 2028 च्या जूनपर्यंत जाहीर झालेला आहे. तोवर त्यांच्यावर वर्तमानपत्रांची कात्रणे टिपून ठेवण्याचे काम चालेल.